झाकली वायर सव्वा लाखाची

“दादा, हितलं लाकूड गरम लागतंय बघा.”

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रविवार सकाळ, हातात चहा, टीव्हीवर कसलीतरी मॅच. आमच्याकडे केर-फरशीला येणाऱ्या मावशी टीव्ही युनिट ओल्या फडक्याने पुसता पुसता थांबल्या आणि हे वाक्य बोलल्या. मी जागेवरून न उठता म्हटलं, “ऊन येतं ना मावशी तिथे.” (आमचा हॉल पश्चिमेला आहे. सकाळी साडेनऊला तिथे उन्हाचा पत्ता नसतो. पण रविवारी सकाळी माणूस काहीही बोलतो.)

“उन्हानं जळका वास येत नाय,” मावशी म्हणाल्या.

मग मात्र उठलो. युनिटच्या खालच्या खणाची फळी उघडली, आणि जे दिसलं त्यामुळे चहा तसाच राहिला. आतल्या एक्स्टेंशन बोर्डाचं एक सॉकेट तपकिरी पडलेलं. त्याची वायर, जी मी स्वतःच्या हाताने छान गोल गुंडाळून तीन केबल टाय लावून ठेवली होती, तिचं वेटोळं मऊ होऊन एकमेकाला चिकटलेलं. जिलबीच्या ताटात पाक गोठल्यावर जिलब्या चिकटतात ना, अगदी तसं. मेन बोर्डाकडे धावलो. बटणं सगळी वर. एमसीबी पडलाच नव्हता. माझ्या हाताने पाडला.

सोफ्यावर बाबा बसले होते, पायाशी हीटर. त्यांनी विचारलं, “काय रे, लाइट गेले का?”

सांगायचा मुद्दा हा की तो खण माझ्या अभिमानाचा विषय होता. दोन वर्षांपूर्वी फ्लॅटचं इंटिरियर करून घेतलं तेव्हा माझी एकच अट होती: हॉलमध्ये एकही वायर दिसता कामा नये. डिझायनर बाई खूश, सुतार खूश, मी तर विचारूच नका. काम झाल्यावर टीव्हीच्या भिंतीचा फोटो हापिसातल्या ग्रुपवर टाकला. गुळगुळीत भिंत, अधांतरी टीव्ही, खाली लांबलचक पांढरं युनिट. बावीस जणांनी अंगठे दाखवले. एकाने विचारलंसुद्धा, “वायरी कुठे गेल्या रे?” मी उत्तर दिलं, “जादू!”

जादू कसली? सगळ्या एका बंद खणात कोंबल्या होत्या. आज मला जे भांडण भांडायचंय ते या ‘जादू’शी आहे.

आधी हिशोब मांडतो, कारण यात मत कमी आणि गणित जास्त आहे. आमच्या हॉलमध्ये कायम लागणाऱ्या गोष्टी मोजल्या: टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, फायबरचा डबा, राउटर, माझा लॅपटॉप, दोन मोबाइल चार्जर आणि कोपऱ्यातला दिवा. नऊ. बिल्डरने हॉलला दिलेले प्लग पॉइंट किती? तीन. त्यातला एक सोफ्याच्या मागे गेला, कारण डिझायनर बाईंच्या मते सोफा त्याच भिंतीला ‘बसतो’. उरले दोन. नऊ भागिले दोन केलं की बाकी उरते ती म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड.

गंमत अशी की या नऊ गोष्टी एकत्र चालल्या तरी साधारण तीनशे वॅटच्या आत बसतात. २३० व्होल्टला भागलं तर सव्वा अँपिअरच्या आसपास. कितीही गुंता झालेला असो, कितीही घाणेरडा दिसो, विजेच्या दृष्टीने तो गुंता निरुपद्रवी आहे. आपल्याला मात्र नेमकी त्याचीच लाज वाटते.

आता हिवाळा आला. साताऱ्याहून बाबा आले, गुडघे दुखतात म्हणून हीटर आला: १००० वॅट. शनिवार-रविवारी आठवड्याच्या कपड्यांना टीव्हीसमोर बसून इस्त्री: आणखी १००० वॅट. सोफ्यामागचा पॉइंट सोफ्यामागे. हाताशी आलेला एकच बोर्ड, खणातला. फळी उघडायची, प्लग घुसवायचा, वायर मागच्या भोकातून काढायची आणि ‘छान दिसावं’ म्हणून फळी परत लावायची. हे सगळं आम्ही शिकलेली माणसं महिनाभर करत होतो. मी इंजिनीयर आहे हे इथे नमूद करतो, म्हणजे लाज पुरी पडेल.

६ अँपिअरचा बोर्ड म्हणजे ६ गुणिले २३०, १३८० वॅट. आमचा भार २००० वॅट, म्हणजे ८.७ अँपिअर. टीव्हीबिव्हीचा सव्वा अँपिअर वेगळाच. बरं, वायर किती तापते हे प्रवाहाच्या प्रमाणात नाही, प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात ठरतं. एकटा हीटर चालू असताना वायरमध्ये जेवढी उष्णता होत होती, त्यात इस्त्री आली की प्रवाह दुप्पट आणि उष्णता चौपट. अशा बोर्डांना अनेकदा असते ती ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. पाच मीटर लांब धरली तर जाऊन-येऊन तिचा रोध साधारण पाव ओहम. गुणाकार करा: जवळपास १९ वॅट. म्हणजे लाकडाच्या बंद खणात २० वॅटचा जुना पिवळा बल्ब तासन् तास लावून ठेवल्यासारखं. हीच वायर मोकळी पसरली असती तर उष्णता हवेत गेली असती. पण मी ती गुंडाळली होती, करकचून बांधली होती आणि वर झाकण लावलं होतं. साध्या पीव्हीसी वेष्टणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. पुढचं सांगायला नको.

“पण मग एमसीबी का नाही पडला?” हा प्रश्न मला तेव्हापासून निदान दहा जणांनी विचारलाय, आणि दहाच्या दहा जण बीई आहेत. तो पडला नाही कारण त्याने पडायचं कारणच नव्हतं. टीव्हीमागचा पॉइंट सहा-सोळा दोन्ही पिना घेणारा, त्याच्यावरचा एमसीबी १६ अँपिअरचा. एमसीबी भिंतीतल्या वायरीचा राखणदार असतो. आमच्या भिंतीतली वायर अडीच चौरस मिलिमीटरची, तिला दहा अँपिअर म्हणजे चालता चालता उचललेली पिशवी. तुम्ही पुढे कुठली सुतळी जोडलीत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आरसीसीबीचंही तेच. घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळणारा प्रवाह पकडतो, माणसाला शॉक बसू नये म्हणून. वायर तापतेय हे त्याला कळत नाही. आणि माझ्या स्वस्तातल्या बोर्डाला स्वतःचा फ्यूज नव्हता. त्या रविवारी आमच्या घरात चालू असलेली एकमेव सुरक्षा यंत्रणा म्हणजे मावशींचा हात.

मी हे घाबरवायला लिहीत नाहीये. मला राग आलाय, आणि तो नुसता स्वतःवर नाही.

पहिला राग त्या फोटोंवर. इंटिरियरची कुठलीही मासिकं, कुठलंही इन्स्टाग्राम पान उघडा. टीव्ही आहे, वायर नाही. टेबलावर दिवा आहे, वायर नाही. लॅपटॉप उघडा आहे, चार्जर नाही. अरे, चालतंय काय हे, आशीर्वादावर? अशा फोटोंतली वायर कधी काढून ठेवलेली असते, कधी नंतर संगणकावर पुसलेली असते. जाहिरातीतला भात जसा खायचा नसतो तशी ही घरं राहायची नसतात. पण आपण ती बघून स्वतःच्या हॉलची लाज बाळगायला शिकलो.

दुसरा राग बिल्डर लोकांवर. ब्रोशरमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स, नामांकित कंपनीचे नळ, व्हिडिओ डोअर फोन. हॉलमध्ये प्लग पॉइंट किती आणि कुठे, हे मी बघितलेल्या एकाही ब्रोशरमध्ये ठळक अक्षरात नव्हतं. आपणही विचारत नाही. स्क्वेअर फूट विचारतो, पार्किंग विचारतो, वास्तू विचारतो. मी दोन वर्षं न्यू जर्सीत ऑनसाइट होतो, तिथलं भाड्याचं अपार्टमेंट तसं भिकारच होतं, पण एक्स्टेंशन बोर्ड घ्यायची वेळ आली नाही. तेव्हा वाटायचं, अमेरिका श्रीमंत आहे. नंतर कळलं की श्रीमंतीचा संबंध नाही, नियमाचा आहे. तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडप्रमाणे राहत्या खोलीच्या भिंतीवरची कुठलीही जागा सॉकेटपासून ६ फुटांपेक्षा लांब असता कामा नये. हिशोब सरळ आहे: दिव्याची, टीव्हीची वायर साधारण तेवढीच लांब येते. तोच कोड हेही सांगतो की लवचीक वायर ही पक्क्या वायरिंगला पर्याय म्हणून वापरायची नाही आणि भिंतीत किंवा छताच्या वर लपवायचीही नाही. म्हणजे माझ्या ‘जादू’ला तिथे सरळ मनाई आहे.

इथे एक घोळ होतो, तो आधीच सोडवतो. भिंतीत झिरी मारून, पाइप टाकून, योग्य जाडीची वायर ओढून केलेलं कन्सील्ड वायरिंग, त्याला माझा विरोध नाही. ते पक्कं काम आहे, त्याच्या डोक्यावर त्याच्या मापाचा एमसीबी आहे. माझा विरोध आहे तो बोर्डाची आणि उपकरणाची लोंबती वायर पीओपीच्या मागे, लाकडाच्या आत, सतरंजीच्या खाली सारण्याला. सतरंजीखालची वायर रोज पायाखाली चिरडली जाते. फॉल्स सीलिंगमधली उंदीर कुरतडतात. बाहेरच्या भिंतीलगतच्या पॅनेलमागे पावसाळ्यात ओल येते. या तिन्ही ठिकाणी काय चाललंय हे कळायला तुम्हाला मार्गच उरत नाही.

तिसरा राग ‘आवरणे’ या शब्दाच्या आपण केलेल्या हालांवर. आजी म्हणायची, “आवर जरा खोली.” म्हणजे काय? नको ते टाक, हवं ते जागच्या जागी ठेव. आपण काय केलं, आवरण्याच्या ऐवजी आवरण घातलं. माझ्या धंद्यातली उपमा देतो. कोडमध्ये चूक होते, प्रोग्रॅम ओरडतो. नवशिका पोरगा काय करतो, त्या ओरडण्याभोवती एक रिकामा कॅच ब्लॉक घालतो. चूक तशीच, फक्त आवाज बंद. डेमोला सगळं झकास! कोड रिव्ह्यूमध्ये मी असल्या पोरांना फाडून खातो. आणि घरी? घरी मी सुताराला पैसे देऊन सागवानी व्हिनियरचा कॅच ब्लॉक बनवून घेतला.

हाच माणूस हापिसातल्या सर्व्हर रूममध्ये जातो तेव्हा काय बघतो? वायरी उघड्या असतात. डोक्यावरच्या ट्रेमधून रांगेने जातात, दोन्ही टोकांना लेबलं, रंग ठरलेले. तिथे कोणी म्हणत नाही की जरा पडदा लावा. कारण रात्री दोन वाजता काही बिघडलं तर ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसालाही कुठली वायर कुठे जाते ते दिसलं पाहिजे. पॅरिसमधलं पोंपिदू सेंटर घ्या. रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांनी इमारतीची आतडीच बाहेर काढली: हवेचे नळ निळे, पाण्याचे हिरवे, विजेचे पिवळे. १९७७ साली ते उघडलं आणि जग बघायला जाऊ लागलं. इतक्या लांब कशाला, आजोळच्या जुन्या घरात लाकडी पट्टीवर वायरी होत्या. सरळ, काटकोनात वळणाऱ्या, ठरावीक अंतरावर क्लिपा ठोकलेल्या, शेवटी गोल लाकडी ठोकळ्यावर काळं खटक्याचं बटण. कुठली वायर कुठल्या दिव्याला जाते हे मला सहाव्या वर्षी माहीत होतं, कारण ती दिसायची. तिची कुणाला लाज वाटत नव्हती. उलट वीज आली याचं ते प्रदर्शन होतं.

बायकोशी यावरून जोरदार वाद झाला, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तिचे मुद्दे खरे होते. ती म्हणाली, “वायरी लोंबत होत्या तेव्हा बाबा अडखळले होते, ते विसरलास? धूळ कोण काढायचं? उद्या रांगतं पोर आलं घरात तर?” खरं आहे. गुंता लोंबत ठेवा असं मी म्हणतच नाही. अडखळून पडणं हा म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत शॉकइतकाच गंभीर विषय आहे. पण अडखळू नये यासाठी वायर वाटेतून बाजूला हवी. दिसू नये यासाठी ती लपवायला हवी. ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं घरातल्यांसाठी असतं, दुसरं पाहुण्यांसाठी. आणि पाहुणे महिन्यातून दोनदा येतात, त्यातही त्यांचं लक्ष पोह्यांकडे असतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्या दिवशी मी घरी होतो म्हणून बरं. सोमवार असता तर घरात बाबा एकटे असते. वास आला असता तर त्यांनी काय केलं असतं? बोर्ड कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. खणाची फळी दाबली की उघडते, तिला मूठ नाही (तीही ‘दिसू नये’ म्हणून). राउटर बंद पडला तर ते मला हापिसात फोन करायचे, आणि मी मीटिंगमधून कुजबुजत सांगायचो, “डावीकडून तिसरी फळी दाबा... तिसरी...” तेव्हा मला ते विनोदी वाटायचं. ज्या घरात राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली वीज कुठून येते आणि कुठे बंद करायची हे कळत नाही, त्या घराचं इंटिरियर फसलेलं आहे. मग बावीस अंगठे असोत की दोनशे.

तर मग केलं काय? थोडक्यात सांगतो, कारण काम फार मोठं नाहीच.

वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी खणात डोकावून “अरारारा” एवढीच तज्ज्ञ प्रतिक्रिया दिली. मग मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढून हॉलमध्ये दोन नवे पॉइंट काढले, दोन्ही हाताला येतील असे. एक बाबांच्या खुर्चीशेजारी, कमरेच्या उंचीवर, म्हणजे वाकायला नको. हीटर आणि इस्त्री आता फक्त तिथे, थेट भिंतीत, आणि दोन्ही एका वेळी नाहीत. घरातला नियम एका ओळीचा आहे: जे उष्णता देण्यासाठी बनलंय ते एक्स्टेंशनवर लागणार नाही.

नऊ वायरींपैकी दोन गेल्याच. सेट-टॉप बॉक्स वर्षभर कोणी लावला नव्हता, तरी तो खणात बसून वीज खात होता. असा डबा दहा वॅट घेतो धरलं तरी वर्षाला ८७ युनिटं होतात. दोन मोबाइलचे दोन चार्जर होते, आता दोघांच्या फोनला एकच टाइप-सी पुरतो. वायर कमी करण्याचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वायर कमी करणं. (‘वायरलेस’ वस्तूंच्या नादी लागू नका. मी वायरलेस स्पीकर, वायरलेस माउस, वायरलेस इअरफोन घेतले आणि घरात तीन वायरी वाढल्या.)

टीव्हीच्या खाली भिंतीवर पांढरी केसिंग पट्टी लावली, सरळ ओळंब्यात. तिची टोपी नखाने निघते, आत वायरी मोकळ्या पडलेल्या, गुंडाळलेल्या नाहीत. ज्यांचं घर अजून बांधून व्हायचंय त्यांना फुकटचा सल्ला: टीव्हीमागे एचडीएमआयसाठी वेगळा पाइप टाकायला सांगा आणि तो निदान दोन इंची घ्या. नेहमीच्या २० मिलिमीटरच्या पाइपातून त्या वायरीचं डोकंच जात नाही, आणि ते कळतं रंगकाम झाल्यावर.

बोर्ड नवा घेतला, फ्यूज असलेला, आणि तो युनिटच्या वर, उघड्यावर ठेवलाय. राउटरही वर आला, आता आतल्या खोलीतही नेट नीट मिळतं. प्रत्येक प्लगला कागदी चिकटपट्टीवर ठळक मराठीत नाव: टीव्ही, इंटरनेट, दिवा. मेन बोर्डाच्या बटणांवर पण. तिसरी पिन कुठेही तोडलेली नाही. ती इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते ती अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं म्हणून, आपल्याला छळायला नाही.

पॉइंट, वायर, पट्टी आणि मजुरी धरून साडेचार हजार रुपये झाले. त्या खणाचे सुताराने याच्या तिप्पट घेतले होते.

आता हॉलमध्ये शिरलं की भिंतीवर एक पांढरी पट्टी दिसते. बोर्डाचा लाल दिवाही दिसतो. डिझायनर बाई मध्ये एकदा आल्या होत्या, त्यांनी पट्टीकडे बघून नाक मुरडलं. मुरडू देत. राउटर बंद पडला की बाबा ‘इंटरनेट’ लिहिलेलं बटण बंद करून चालू करतात. फोन येत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची असेल. वायर झाकून ठेवली तर तिची खरी किंमत कधी, कशी कळेल याचा नेम नसतो. आज रविवार आहे. चहा झाला की एवढंच करा: तुमच्या टीव्हीमागे, सोफ्यामागे, जिथे म्हणून तुम्ही ‘जादू’ केली असेल तिथे हात लावून बघा. बंद करून, मग हात लावा. कोमट लागलं तर उन्हाला दोष देऊ नका.

ता.क. ती वितळलेली वायर मी टाकलेली नाही. हापिसात माझ्या टेबलावर ठेवलीये. नवीन पोरं विचारतात हे काय आहे. मी सांगतो, रिकामा कॅच ब्लॉक.